जुनी जपानी मोटारसायकल घ्यायची: ओरिजनल की मॉडिफाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरएक्स १००, राजदूत ३५०, सीडी १००, केबी १०० आणि त्याच पिढीतल्या गाड्या शोधणाऱ्यांकडून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्याचेच ठेवले आहेत. जिथे एका उत्तराचा पुढचा भाग दुसरीकडे आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आरएक्स १०० ‘विंटेज’ म्हणून विकतात. ती खरंच विंटेज आहे का?

बोलण्यात आहे, कायद्यात नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच विंटेज म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ मालिकेतला वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये असते आणि नोंदणी १० वर्षं चालते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. आरएक्स १०० आपल्या बाजारात आली नोव्हेंबर १९८५ मध्ये. म्हणजे अगदी पहिल्या खेपेची गाडीसुद्धा २०३५ च्या आधी या नियमात बसत नाही. कुणी ‘विंटेज आहे, रिन्यूअल लागत नाही’ असं सांगून गाडी गळ्यात मारत असेल, तर प्रश्न ११ वाचा आणि मगच पुढचं बोला.

२. आपल्या भागात कोणकोणत्या जुन्या जपानी गाड्या मिळतात?

जपानी म्हणजे जपानी तंत्राच्या, इथे बनलेल्या. यामाहाच्या घरातली आरएक्स १००, तिच्यानंतरच्या आरएक्सजी आणि आरएक्स १३५, आणि एस्कॉर्ट्सने काढलेली राजदूत ३५०. सुझुकीच्या घरातल्या एएक्स १००, समुराई, शोगन. कावासाकी-बजाजची केबी १०० आणि केबी १२५. होंडाची म्हणजे हिरो होंडा सीडी १००, १९८५ पासूनची. शोध आरएक्सचा सर्वात जास्त, म्हणून भावही तिचेच चढलेले. सीडी १०० मात्र आजही रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांत आणि चोपडा-शिरपूरच्या गावांत कुणाच्या तरी ओट्याखाली उभी सापडते, कारण तिच्याकडे कुणी हौशी नजरेनं बघितलंच नाही. माझ्या मते अजून वाजवी पैशात मिळणारी ओरिजनल जपानी गाडी तीच.

३. ओरिजनल कशाला म्हणायचं? नवा रंग दिला की ओरिजनलपण गेलं का?

बाजारात हा एकच शब्द तीन वेगळ्या गाड्यांना लावतात. पहिली, कंपनीतून निघाली त्याच अवस्थेत वापरलेली: रंग उडालेला, क्रोमला गंज, सीट फाटलेली, पण नटसुद्धा तेच. दुसरी, पूर्ण उघडून कंपनीच्या भागांनी पुन्हा उभी केलेली. तिसरी, बाजारात मिळणाऱ्या नकली भागांनी तशीच दिसेल अशी सजवलेली. विकणारा तिन्हींना ‘एकदम वरिजनल शे, हात बी लायेल नही’ म्हणतो.

रंग गेला म्हणून ओरिजनलपण जात नाही. फ्रेमवरचे कान (भाग अडकवायच्या पट्ट्या), टाकीचा आकार, कंपनीचं वायरिंग, क्रँककेसवरचा (इंजिनाच्या खालच्या कवचावरचा) नंबर आणि इंजिनाचं मूळ माप शिल्लक असेल, तर मी ती गाडी ओरिजनल धरतो. चकाचक तिसऱ्या प्रकारापेक्षा गंजका पहिला प्रकार मला केव्हाही चालेल, कारण त्यात काय खराब आहे ते समोर दिसतं.

४. मॉडिफाय केलेली गाडी सरळ सोडूनच द्यावी का?

नाही. बदल झाला आहे का, यापेक्षा तो बदल मागे नेता येतो का, हे विचारा. माझ्यासाठी खरी रेघ तिथे आहे.

पान्यानं लावलेलं पान्यानं निघतं. हँडल, इंडिकेटर, सीट, सायलेन्सर, शॉकअब, अलॉय चाकं हे सगळं एका दुपारी पूर्ववत होतं, फक्त मूळ भाग हातात हवेत. राजदूत ३५० मध्ये पॉइंट (ठिणगीचा जुना स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर उलट चांगलंच. पॉइंट घासण्याची कटकट संपते आणि हवं तेव्हा जुनं परत लावता येतं.

दुसरा प्रकार ग्राइंडर आणि वेल्डिंगचा. मागची फ्रेम कापली, शॉकअबचे कान सरकवले, स्विंगआर्म लांब केला, टाकी चिरून अरुंद केली. हे परत येत नाही. आलं तरी वेल्डचा जोड राहतोच आणि तो नेमका जोर येतो तिथे असतो.

मधला तिसरा प्रकार फसवा, कारण तो बाहेरून दिसत नाही: इंजिनाच्या आतलं काम. पोर्ट (सिलिंडरमधली मिश्रण आणि धूर ये-जा करायची भोकं) घासून मोठे केलेले, हेड फेस मारून कमी केलेलं, सिलिंडर बोर केलेला, म्हणजे आतून रुंद केलेला. बोर नवीन स्लीव्ह टाकून सावरता येतो, घासलेला पोर्ट भरता येत नाही. त्याबद्दल प्रश्न ८ मध्ये.

५. मला गावाहून रोज जळगावला ये-जा करायचीय. काय घेऊ?

रोज जायचं असेल तर ओरिजनल सीडी १०० किंवा सुरुवातीची स्प्लेंडर. दोन्हींत ९७.२ सीसीचं एकाच घराण्यातलं फोर स्ट्रोक इंजिन आहे, त्यामुळे इंजिनाचे पुष्कळ भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि कोणताही मेस्त्री डोळे झाकून उघडतो. आरएक्स आठवड्यातून दोनदा काढायची गाडी. राजदूत ३५० ज्याच्या घरात दुसरी गाडी आहे त्यानं घ्यावी.

६. गाडी बघायला जाताना नेमकं काय तपासायचं?

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा आधी रंग बघत नाही, पाय उचलून खूर बघतो. इथेही तसंच, खालून वर जायचं.

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका, आल्यावर मीच किक मारीन. पोचल्यावर पहिल्यांदा सिलिंडरला हात लावा. गरम लागला तर तुमच्या येण्याआधी ती चालू करून ठेवली होती, म्हणजे इंजिन थंड असताना सुरू व्हायला काहीतरी त्रास देते. थंड गाडी चोकवर दोन-चार किकमध्ये बोलली पाहिजे. किक हातानं दाबून बघा. मऊ, रिकामी गेली तर कॉम्प्रेशन नाही.

मग नंबर. चेसिस नंबर हँडलखालच्या नळीवर आणि इंजिन नंबर क्रँककेसवर असतो. फडक्यावर थोडं पेट्रोल घेऊन मळी काढा, अंगठ्यानं चाचपा. मूळ ठशाची अक्षरं एका खोलीची असतात आणि आजूबाजूचा पत्रा कास्टिंगसारखा खरबरीत असतो. तिथेच गुळगुळीत पट्टा लागला तर घासून पुन्हा ठोकलंय. पातळ कागद ठेवून पेन्सिलनं ठसा उतरवून घ्या, आरटीओत पुढे तेच करावं लागतं. तो ठसा आरसी बुकाशी अक्षर-अक्षर जुळवा. तीन आणि आठ यांत बिघडलेले सौदे मी पाहिलेत.

टाकीवर फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरलीय. टाकीचं झाकण उघडून आत मोबाइलचा उजेड मारा. तळाला लालसर गाळ दिसला की कार्बोरेटरचंही तेच होणार.

सीट काढायला लावा. बरेच जण हे करत नाहीत आणि नेमकं इथेच सगळं कळतं. सीटखालच्या दोन नळ्या शेवटपर्यंत सलग आहेत का? वेल्डच्या रेघा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? कंपनीचा जोड सारखा आणि बारीक असतो, गावातला जोड ढेकळासारखा फुगतो आणि त्यावर जाड काळा रंग मारलेला असतो. वायरिंगला किती ठिकाणी टेप आहे तेही तिथेच दिसतं.

शेवटी गाडी स्टँडवर घेऊन मागे उकिडवे बसा आणि दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा. ठोकलेली गाडी रंगवता येते, सरळ दाखवता येत नाही.

७. टू स्ट्रोक म्हटलं की धूर येणारच. मग खराब धूर ओळखायचा कसा?

टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबत तेलही जळतं, म्हणून धूर. पण थंड गाडीचा निळसर धूर पाच मिनिटांत विरळ झाला पाहिजे. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरट धूर येतच राहिला आणि गिअर ऑइल भरलेलं असूनही कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय आणि इंजिन गिअरचं तेल ओढून जाळतंय. उलट्या बाजूचं, मॅग्नेटकडचं सील गेलं तर धूर वाढत नाही, वेगळंच होतं: रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही, आपोआप चढतं. ते बाहेरची हवा ओढतंय. हा दोष जास्त धोक्याचा, कारण मिश्रण पातळ होऊन पिस्टन चिकटतो.

राजदूत ३५० ला दोन सिलिंडर आणि दोन सायलेन्सर. दोन्ही नळ्या इंजिनाजवळ सारख्याच तापल्या पाहिजेत. एक थंड राहिली तर ती बाजू फुकटची प्रवासी आहे.

८. ‘हेवी इंजिन’ म्हणून १३५ चा ब्लॉक बसवलेली आरएक्स १०० मिळतेय. पिकअप जबरदस्त आहे. घेऊ का?

पिकअप खरा आहे, कारण सरळ आहे. आरएक्स १०० चा बोर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ५० मिलिमीटर, एकूण ९८ सीसी, ११ बीएचपी. आरएक्स १३५ चा स्ट्रोक तोच, पण बोर ५८ मिलिमीटर, म्हणून १३२ सीसी. स्ट्रोक एकच असल्यानं लोक वरचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, बदलतात. त्यासाठी अनेकदा क्रँककेसचं तोंड घासावं लागतं, आणि इंजिन नंबर त्याच क्रँककेसवर असतो. म्हणजे मागे फिरायचं म्हटलं तरी नंबर असलेलाच भाग कापलेला.

कागदावर इंजिन नंबर जुळतो, सीसी जुळत नाही. पूर्ण १३५ इंजिनच टाकलं असेल तर नंबरही जुळत नाही, आणि तशी गाडी तुमच्या नावावर होण्याची आशा सोडा. कायद्याचं प्रश्न १० मध्ये आहे. पळणारी आरएक्सच हवी असेल तर सरळ आरएक्स १३५ शोधा. पाच गिअरवाली १४ बीएचपीची होती, कागदावर १३५ आहे आणि २००५ पर्यंत बनत होती.

बोर किती वेळा झालाय हे पिस्टनच्या डोक्यावर वाचता येतं. ५० लिहिलं असेल तर अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज, १०० म्हणजे एक मिलिमीटर. हेड उघडायला विकणारा तयार नसेल, तर शेवटचा बोर झालाय असं धरून भाव करा.

९. राजदूत ३५० ला पुढे डिस्क ब्रेक लावलाय. विकणारा म्हणतो, जपानमध्ये अशीच होती, म्हणजे हीच खरी ओरिजनल. बरोबर आहे का?

युक्तिवाद हुशारीचा आहे. जपानी आरडी ३५० ला पुढे डिस्क होता, हे खरं. पण आपल्याकडे १९८३ पासून जी गाडी बनली तिला पुढेही ड्रमच होता, आणि तिची ताकदही कमी ठेवलेली होती: एचटी (हाय टॉर्क) ३०.५ बीएचपीची, एलटी (लो टॉर्क) २७ ची, तर जपानी ३९ च्या आसपास. भारतातल्या राजदूत ३५० चं मूळ रूप म्हणजे भारतात पास झालेलं रूप. आरसी त्याच रूपाची आहे.

ब्रेक म्हणून बघाल तर ३४७ सीसीच्या या गाडीला ड्रम अपुराच पडतो आणि डिस्क लावणाऱ्याची भीती मला कळते. म्हणून घेताना मूळ ड्रम, हब आणि पुढचा फोर्क सोबत मागून घ्या. ते मिळाले तर हा बदल प्रश्न ४ मधल्या पहिल्या प्रकारात मोडतो, नाही मिळाले तर भावातून वजा करा. राजदूतचे मूळ भाग आरएक्ससारखे चौकाचौकात मिळत नाहीत.

जाता जाता: एचटी म्हणून एलटीच जास्त विकल्या जातात. टाकीवरच्या स्टिकरवरून ठरवू नका. दोन्हींचे सिलिंडर वेगळे आहेत. ही गाडी आधी उघडलेल्या मेस्त्रीलाच दाखवा.

१०. मॉडिफाय गाडी पोलिस खरंच पकडतात का? की नुसती भीती?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘दर बदलामागे’ हे शब्द नीट वाचा.

व्यवहारात रस्त्यावर सर्वांत आधी अडवतो तो सायलेन्सर. काढून घेतलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. त्यानंतर फॅन्सी नंबरप्लेट आणि आरशांचा पत्ता नसणं. फ्रेम किंवा इंजिनातला बदल चौकात सहसा कुणी बघत नाही. तो अडतो आरटीओत, नाव चढवताना किंवा रिन्यूअलच्या तपासणीत, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर.

११. गाडी छान आहे, पण आरसी संपून बरीच वर्षं झालीत. घ्यावी का?

खासगी दुचाकीची नोंदणी पहिली १५ वर्षं, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नमुना २५ भरून आणि गाडी प्रत्यक्ष दाखवून वाढवावी लागते. उशीर केल्यास दुचाकीला दरमहा ३०० रुपये जादा लागतात. पाच वर्षांचा उशीर म्हणजे नुसते तेच १८,००० होतात. शिवाय नूतनीकरणाची फी, पर्यावरण कर आणि थकलेली चलनं. वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी २०२५ मध्ये आणखी वाढवली आहे, म्हणून जुन्या माणसानं सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका, त्या नंबराचा ताजा हिशेब काढा.

त्यातही एक खाच आहे. जुनं आरसी बुक हाताने लिहिलेलं असेल आणि नंबर संगणकावर दिसतच नसेल, तर आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घेणं, करावी लागते. कार्यालयातलं जुनं रजिस्टर सापडलं तर काम होतं. एमएच मालिकेच्या आधीच्या, एम-पासून सुरू होणाऱ्या तीन अक्षरी नंबरांना हे हमखास लागतं. विकणाऱ्यानं हे काम करून मगच गाडी द्यावी, असा आग्रह धरा. उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवून घ्या, नाहीतर आरटीओतलं पुढचं काम अडकतं.

या तपासणीत ओरिजनल गाडी निमूट पार पडते. कापलेली गाडी इथेच परत फिरते.

१२. नंदुरबारला गुजरातची आणि रावेरला मध्य प्रदेशची पासिंग स्वस्तात मिळते. फायदा आहे का?

भावात दिसतो तेवढा नाही. तिकडच्या कार्यालयाची एनओसी नमुना २८ वर लागते, मग इकडे कर भरून नवा नंबर, आणि एमएच-१९, १८ किंवा ३९ मिळेपर्यंत फेऱ्या. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इकडे ठेवली तर नोंदणी इकडे करावीच लागते. एनओसी मूळ कागदावर हातात आल्याशिवाय, नुसत्या ‘मिळून जाईल भो’ वर व्यवहार करू नका. मॉडिफाय गाडी तर परराज्यातून अजिबात आणू नका, कारण तपासणी नव्यानं होते.

१३. आमच्या आबांची आरएक्स घरात आहे, ते वारले. भावकीतला एक जण विकत मागतोय. कागदांचं काय?

मयताच्या नावावरून थेट तिसऱ्याच्या नावावर जात नाही. आधी वारसाच्या नावावर: नमुना ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती. नियमाप्रमाणे ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. मुदत गेली असेल तरी आज सुरुवात करा. त्यानंतर विक्रीचे नेहमीचे नमुना २९ आणि ३०.

आरसीवर एखाद्या पतसंस्थेचं एचपी (कर्जाचा बोजा) राहून गेलेलं असेल तर ते नमुना ३५ नं उतरवावं लागतं. संस्था अवसायनात गेली असेल तर अवसायकाकडून पत्र आणावं लागतं, आणि ते मिळायला वेळ लागतो.

आणि एक सल्ला न विचारता देतो. अशी एका हाताची, घरातली गाडी मॉडिफाय करायला पोरांच्या हाती देऊ नका. बाजारात अशाच गाडीला सर्वांत जास्त मागणी आहे.

१४. आपल्याकडच्या उन्हात मॉडिफाय गाडी जास्त त्रास देते असं म्हणतात. का?

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. एअर कूल्ड टू स्ट्रोकला थंडावा दोनच गोष्टी देतात: वाहती हवा आणि आत येणारं तेलमिश्रित पेट्रोल. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडलं, की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो.

मॉडिफाय करणारे पहिल्यांदा फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावतात. हवा वाढते, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) तोच राहतो. वर सायलेन्सर मोकळा. वर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल: इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असल्यानं जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण आणखी पातळ होतं. तिन्ही एकत्र आले की धुळे ते जळगाव महामार्गावर भर दुपारी ऐंशीनं चाललेली गाडी अचानक मागचं चाक जाम करते. लगेच क्लच दाबा, एवढंच तेव्हा हातात असतं. शिवाय काळ्या मातीची धूळ उघड्या फिल्टरमधून आत जाते आणि रिंगा खाते.

म्हणून मॉडिफाय घेतलीच, तर जुना फिल्टरचा डबा शोधून बसवा, मेन जेट एक माप वाढवून बघा आणि लांब पल्ल्यानंतर प्लग काढून रंग पाहा. कॉफीसारखा तपकिरी चांगला. पांढराफटक दिसला की तशीच पुढे पळवू नका. जुने रबरी पाइप आणि वॉशर ओरिजनल गाडीतही बदलून टाका, इथेनॉल त्यांना फुगवतं.

१५. एक्स्पान्शन चेंबर लावल्यावर गाडी खरंच पळते का?

वरच्या रेसला पळते. सायलेन्सरच्या जागी लावलेल्या त्या फुगीर नळीतून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते, पण ठरावीक रेसलाच. खालच्या रेसला ताकद उलट कमी होते. तोरणमाळच्या किंवा चाळीसगावकडून कन्नडच्या घाटात मागे माणूस बसवून चढून बघा. आरएक्सचा कंपनीचा सायलेन्सर याच कामासाठी नीट बेतलेला आहे.

१६. मॉडिफाय स्वस्तात घेऊन मी स्वतः ओरिजनल केली तर?

हिशेब करून बघा, मग विचारा. फक्त वरवरचे बदल असतील आणि भाग सोबत मिळत असतील तर जरूर. बाजारात यापेक्षा चांगला सौदा नसतो, कारण बाकी गिऱ्हाईक नुसतं रूप बघून निघून जातं. भाग नसतील तर त्यांची यादी करून एकेकाची किंमत लिहा: मूळ सायलेन्सर, मडगार्ड, साइड पॅनेल, मीटर, हेडलाइटचे कान, बॅज. यादीची बेरीज आणि गाडीची किंमत मिळून चांगल्या ओरिजनल गाडीच्या पुढे जाते, हे बहुतेकांना अर्ध्या वाटेत कळतं. फ्रेम कापलेली असेल तर हा विचारच नको. चांगल्या आरएक्सला आता लाखाच्या वर भाव सांगतात, तो रंगाचा नाही. न कापलेल्या फ्रेमचा आणि जुळणाऱ्या कागदाचा आहे.

१७. कंपनीचे भाग आणि डुप्लिकेट यांतला फरक दुकानात कसा ओळखायचा?

वजन, कास्टिंगची कड आणि ठसा. मूळ भागावर कंपनीचा ठसा धातूत असतो, स्टिकरवर नाही. पिस्टन, रिंगा, क्रँक सील आणि बेअरिंग यांत डुप्लिकेट घेऊच नका. मडगार्ड, पॅनेल, ग्रिप डुप्लिकेट चालतील. दुकानदार ‘जपानचा माल’ म्हणाला तर डबा उघडून सुटा भाग हातात घ्या, डबा छापणं सोपं आहे.

१८. सुरुवातीची ‘मेड इन जपान’ आरएक्स म्हणून जास्त पैसे मागतायत. द्यावे का?

सुरुवातीच्या काही गाड्या जपानहून सुट्या भागांत आल्या आणि इथे जोडल्या गेल्या, हे खरं. पण आज त्या नावाखाली जितक्या विकायला निघाल्यात, तितक्या आल्या नसाव्यात. आरसीवर निर्मितीचा महिना आणि वर्ष बघा. १९९० ची गाडी ‘जपानची’ असं कुणी म्हणत असेल तर हसून चहा प्या आणि निघा.

१९. पीयूसी निघेल का?

नीट ट्यून केलेल्या ओरिजनल गाडीची निघते. मार्च २००० च्या आधी बनलेल्या टू स्ट्रोकला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत मुभा आहे. तेलाचं प्रमाण मनानं वाढवलेली किंवा प्रश्न ७ मधलं सील गेलेली गाडी इथे अडते.

२०. विमा उतरतो का?

थर्ड पार्टी उतरतो आणि तो लागतोच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा इतक्या जुन्या गाडीला कंपन्या टाळतात, आणि न सांगितलेला बदल सापडला तर दावा नाकारायला त्यांना कारण मिळतं. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला द्या.

२१. सौदा ठरला. टोकन देताना काय लिहून घ्यावं?

साध्या कागदावर, पण दोघांच्या सह्यांनी: गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, ठरलेली किंमत, दिलेली रक्कम, रिन्यूअल आणि जुनी चलनं कोण भरणार. टोकन थोडंच द्या. बाकीची मोठी रक्कम नमुना २९ आणि ३० वर मालकाची सही झाल्यावर, आणि सही करणारा तोच मालक आहे हे आधार कार्डावरून पाहून. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, तेव्हा ‘नाव नंतर चढवू’ याला हो म्हणू नका.

गाडी मॉडिफाय असेल तर काढलेले मूळ भाग त्याच कागदावर नावानिशी लिहा आणि पैसे देण्याआधी समोर मांडायला लावा. ‘माळ्यावर पडलेत, पुढच्या आठवड्यात पाठवतो’ म्हटलेला सायलेन्सर माळ्यावरच राहतो.